रोगग्रस्त क्षेत्रातून जनावरे बाहेर नेण्याच्या नियमांविषयी कोल्हापूर जिल्हा प्रशासनास खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, कोल्हापूर
मा. जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्त, कोल्हापूर

विषय: नियंत्रित व बाधित क्षेत्रातून जनावरे बाहेर नेण्याचे नियम लेखी, मुदतीचे आणि रोगनिहाय असावेत याबाबत.

महोदय,

मी कागल तालुक्यातील एका प्राथमिक दूध संस्थेचा सचिव आहे. साथीच्या काळात एखाद्या गावातून, तालुक्यातून किंवा जिल्ह्यातून जनावर बाहेर नेण्यावर जे निर्बंध घातले जातात त्यांना माझा विरोध नाही. ते वेळेवर लागावेत आणि कडकपणे पाळले जावेत असेच माझे मत आहे. आक्षेप आहे तो या निर्बंधांच्या घडणीवर. बंदी नेमकी कोणत्या गावांना आणि कोणत्या जातीच्या जनावरांना लागू आहे, ती कधी उठणार आहे आणि ती असताना कोणत्या अटींवर जनावर बाहेर काढता येते, एवढे आदेशातच स्पष्ट नसेल तर शेतकरी रोग कळवत नाही, तो लपवतो. आणि लपवलेला रोग कोणत्याही नाक्यावर सापडत नाही. जनावर बाहेर नेण्याचे नियम कसे आहेत यावरच रोगाची पहिली खबर प्रशासनाला वेळेत मिळणार की नाही हे ठरते, एवढे एकच म्हणणे या पत्रातून मांडायचे आहे.

दूध संस्थेत बसणाऱ्याला हे जवळून दिसते. एरवी वेळेला सहा-सात लिटर दूध घालणारा सभासद एका सकाळी दोन लिटर घेऊन येतो. "का हो, दूध का तुटलं?" असे विचारले तर "वैरण बदललीय" एवढे बोलून तो काट्यावरच्या आकड्याकडे बघत राहतो. दोन दिवसांनी त्याच्याच गल्लीतल्या आणखी एकाचे दूध तुटते, पाठोपाठ पेंडीची उचल कमी होते आणि गावातल्या औषध दुकानातून तापाची व जखमेवरची औषधे जास्त जाऊ लागतात. लाळ्या खुरकूत (तोंडाचा आणि खुरांचा रोग) असो की लम्पी (अंगावर गाठी येणारा त्वचारोग), रोग गोठ्यात शिरल्याची खूण दवाखान्याच्या नोंदवहीत येण्याच्या कितीतरी आधी आमच्या संकलनाच्या यादीत उमटलेली असते. तरीही दवाखान्यात जाऊन सांगायला कोणी पुढे होत नाही, कारण सांगणाऱ्यामुळे सगळे गाव अडकले असे पुढे वर्षभर ऐकून घ्यावे लागते. कोणाचा कालवडीचा सौदा ठरलेला असतो, कोणाला दवाखान्याच्या खर्चासाठी म्हैस विकायची असते, कोणाचे बैल पाहुण्यांच्या गावी पेरणीला गेलेले असतात. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगास प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ याच्या कलम ४ नुसार अनुसूचित, म्हणजे कायद्याच्या यादीतील, रोगाची माहिती देणे मालकावर बंधनकारक आहे. तथापि, कळवल्यानंतर आपले जनावर किती दिवस दावणीला अडकणार, हे त्या मालकाला कोणीच सांगू शकत नाही.

शासनाने २०२२ मध्ये लम्पीने दगावलेल्या दुधाळ गाईसाठी ३० हजार, ओढकामाच्या बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपये दिले, त्याचा उपयोग झाला. मदत मिळायची तर नोंद हवी म्हणून मेलेली जनावरे तरी कागदावर आली. पण ही मदत मृत्यूची आहे. जनावर जिवंत आहे, निरोगी आहे आणि केवळ गावाच्या नावामुळे विकता येत नाही, अशा मालकाला तिचा काही उपयोग नाही, आणि साथीत अशांचीच संख्या सर्वांत मोठी असते.

मूळ कायदा इतका बंदिस्त नाही, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. कलम ६ खाली राज्य शासन एखादे क्षेत्र विशिष्ट रोगासाठी नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित करते आणि कलम ७ नुसार त्या जातीचे जनावर ते जेथे ठेवले आहे तेथून हलवण्यास मनाई होते. मात्र त्याच कलमात दोन अपवाद दिलेले आहेत. लस टोचून घेण्यासाठी जनावर सर्वांत जवळच्या लसीकरणाच्या ठिकाणी नेता येते. आणि ज्या जनावराला त्या रोगाची लस टोचलेली आहे, अंगावर लसीकरणाची खूण आहे आणि सोबत वैध लसीकरण प्रमाणपत्र आहे, त्या जनावराची वाहतूक करता येते. कलम १२ मध्ये नियंत्रित क्षेत्रातील बाजार, जत्रा आणि प्रदर्शने यांना मनाई आहे, पण तेथेही सक्षम अधिकाऱ्याला शिथिलतेचा अधिकार दिलेला आहे. थोडक्यात, कायदा करणाऱ्यांना सरसकट बंदी अभिप्रेत नव्हती. लसीकरणाच्या पुराव्यावर चालणारी वाहतूक त्यांच्या डोळ्यांसमोर होती. अधिनियमातून अधिसूचनेत, अधिसूचनेतून जिल्ह्याच्या आदेशात आणि तेथून नाक्यावरच्या कर्मचाऱ्यापर्यंत येईतो हे अपवाद गळून पडतात आणि "जनावर बाहेर सोडायचे नाही" एवढेच वाक्य उरते.

त्याचे एक उदाहरण आमच्याच गावचे आहे. लम्पीच्या साथीत आमच्या एका सभासदाची गाय विताना अडली. गावचे डॉक्टर लसीकरणासाठी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला गेलेले होते, त्यांनीच फोनवरून तालुक्याच्या चिकित्सालयात न्यायला सांगितले. गाय टेम्पोत चढवून निघालेल्यांना नाक्यावर परत फिरवण्यात आले. "दादा, ही आजारी न्हाई, अडलीया," असे परोपरीने सांगितल्यावर "वरनं आदेश हाय" असे उत्तर मिळाले आणि आदेश दाखवा म्हटल्यावर मोबाईलवरचा एक फोटो पुढे करण्यात आला, ज्यात पत्राचा खालचा भाग कापला गेला होता आणि गावांची यादी कोठेच नव्हती. गाय वाचली, वासरू गेले. मी त्या कर्मचाऱ्याला दोष देत नाही; त्याच्या हातात जे होते ते त्याने पाळले. दोष आहे तो त्याच्या हातात तेवढेच देणाऱ्या पद्धतीचा. उपचारासाठी जनावर नेण्याचा अपवाद अधिनियमाच्या कलम ७ मध्ये स्वतंत्रपणे लिहिलेला नाही हेही खरे आहे, आणि म्हणूनच तो जिल्ह्याच्या आदेशात स्पष्टपणे येणे गरजेचे आहे. जेथे जिल्ह्याचा अधिकार अपुरा पडतो तेथे पुण्याच्या पशुसंवर्धन आयुक्तालयाकडे तसा प्रस्ताव आधीच पाठवून ठेवता येईल. साथ सुरू झाल्यावर प्रस्ताव पाठवून उपयोग नसतो.

आता क्षेत्राच्या व्याप्तीविषयी. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात चिनावल येथे लम्पी आढळला आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपूर्ण महाराष्ट्र नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाला. रोग ज्या वेगाने पसरत होता तो पाहता ही घोषणा चूक होती असे मी म्हणणार नाही. पण संपूर्ण राज्यच नियंत्रित क्षेत्र असेल तेव्हा "क्षेत्रातून बाहेर" या तरतुदीचा गावपातळीवर काही अर्थ राहत नाही. पेठ वडगावच्या बाजारातून कागलला येणारी गाय आणि जळगावहून ट्रकने कोल्हापुरात येणारी गाय या दोन्ही कायद्याच्या नजरेत सारख्याच होतात. रोगाच्या नजरेत त्या सारख्या नसतात. लम्पीचा विषाणू जवळच्या अंतरात चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांच्यामार्फत पसरतो आणि लांबच्या अंतरावर तो प्रामुख्याने वाहनातून नेलेल्या बाधित जनावराबरोबर पोचतो. म्हणजे गावातून चार किलोमीटरवरच्या दवाखान्यात जाणाऱ्या जनावरापेक्षा रात्रीत दोन जिल्हे ओलांडणारा ट्रक कितीतरी पटीने धोक्याचा आहे. आमच्याकडे मात्र दवाखान्याला निघालेला टेम्पो दिवसाढवळ्या नाक्यावर सापडतो आणि ट्रक पहाटेच्या आत आडवाटेने निघून जातो.

त्यामुळे राज्यव्यापी अधिसूचना लागू असली तरी जिल्ह्याच्या आदेशात लहान क्षेत्रे वेगळी दाखवली जावीत, अशी विनंती आहे. बाधित गाव, त्याभोवती ज्या ५ किलोमीटरमध्ये लम्पीचे लसीकरण केले जाते तो पट्टा आणि ज्या १० किलोमीटरमध्ये बाजार बंद ठेवले जातात तो पट्टा, या तीन ठिकाणचा धोका वेगवेगळा आहे आणि बाहेर नेण्याच्या अटीही वेगवेगळ्या असल्या पाहिजेत. हे पट्टे किलोमीटरमध्ये सांगून भागत नाही. आमच्याकडे निम्म्याहून अधिक गोठे गावठाणात नसून मळ्यात आहेत. एकाच गावाचा एक मळा वर्तुळात आणि दुसरा बाहेर असे सहज होते. गावे, वाड्या आणि वस्त्या यांची नावानिशी यादी आदेशाला जोडली, ती ग्रामपंचायतीत आणि दूध संस्थेत लावली आणि तलाठी, पोलीस पाटील व नाका यांना तीच यादी दिली, तर निम्मे वाद तेथेच संपतील.

कागल, गडहिंग्लज, चंदगड, हातकणंगले आणि शिरोळ या तालुक्यांचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण आमची वर्तुळे राज्याची सीमा मानत नाहीत. कागल सोडले की राष्ट्रीय महामार्गावर लगेच कर्नाटकातील कोगनोळी लागते. निपाणी आणि चिक्कोडी भागाशी आमचे सोयरसंबंध आहेत, शेतजमिनी आहेत, जनावरांची देवाणघेवाण आहे. एका बाजूला बाजार बंद आणि दुसऱ्या बाजूला चालू, एका बाजूला प्रमाणपत्र मराठीत आणि दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये, अशी स्थिती असेल तर सीमेवरच्या हेडी लोकांची, म्हणजे जनावरांच्या दलालांची, सोय होते आणि नियम पाळणाऱ्याची कोंडी. बेळगाव जिल्हा प्रशासनाबरोबर या एका विषयावर वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्याआधी बैठक व्हावी आणि दोन्हीकडच्या प्रमाणपत्राचा नमुना दोन्ही भाषांत एकाच कागदावर असावा, ही मागणी फार मोठी नाही.

रोगनिहाय नियमांचा मुद्दा मी विषयातच लिहिला आहे, कारण सध्या कोणत्याही साथीला एकच मसुदा वापरला जातो असे वाटते. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या निकषांत रोग अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा कमाल काळ लाळ्या खुरकूतसाठी १४ दिवस, शेळ्या-मेंढ्यांच्या पीपीआरसाठी २१ दिवस आणि लम्पीसाठी २८ दिवस धरला जातो. बाधित गावातील शेवटचे जनावर बरे झाल्यापासून किती दिवसांनी वाट मोकळी करायची, हे या कालावधीवरून ठरायला हवे आणि ते आदेशातच लिहायला हवे. लाळ्या खुरकूतमध्ये गाई-म्हशींबरोबर शेळ्या, मेंढ्या आणि डुकरे यांचाही विचार करावा लागतो. मेंढ्यांत लक्षणे इतकी सौम्य असतात की कळप पुढे गेल्यावर मागे रोग दिसतो. लम्पी प्रामुख्याने गोवंशाचा, म्हशीत तो क्वचित होतो, त्यामुळे मेंढपाळाला लम्पीच्या नावाखाली अडवण्यात काही अर्थ नाही. पुढील आदेश येईपर्यंत बंदी, हे वाक्य या सर्व रोगांना सारखेच लागू करणे म्हणजे कोणत्याच रोगाचा विचार न करणे होय. आदेश काढतानाच त्याच्या फेरविचाराची तारीख त्यात असावी. त्या तारखेला मुदत वाढवावी लागली तर कारण देऊन वाढवावी, लोक ते समजून घेतात.

इतर देशांत हे कसे करतात याचा दाखला द्यायचा तर ब्रिटनचा देता येईल. तेथे २००१ मध्ये लाळ्या खुरकूतची भयंकर साथ आली आणि ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. जनावरे मारण्याचा तो मार्ग आपल्याला लागू नाही आणि लागू करूही नये. घेण्यासारखी आहे ती त्यांची परवान्यांची पद्धत. रोग सापडलेल्या ठिकाणाभोवती किमान ३ किलोमीटरचे संरक्षण क्षेत्र आणि १० किलोमीटरचे निगराणी क्षेत्र आखले जाते आणि बाहेर नेण्यासाठी दोन प्रकारचे परवाने असतात. कमी धोक्याच्या कामासाठी सामान्य परवाना असतो. त्याच्या अटी जाहीर केलेल्या असतात, त्या पाळणाऱ्याला वेगळा अर्ज करावा लागत नाही, फक्त नोंद ठेवावी लागते. जास्त धोक्याच्या वाहतुकीसाठी विशिष्ट परवाना असतो, त्यासाठी अर्ज, तपासणी आणि ठरलेला मार्ग आवश्यक असतो. आपल्याकडे सगळेच दुसऱ्या प्रकारात ढकलले जाते आणि अर्ज तपासायला माणूस नसल्याने प्रत्यक्षात कोणालाच परवाना मिळत नाही. लसीकरण झालेले जनावर दवाखान्यात नेणे किंवा त्याच क्षेत्रातील एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात हलवणे यांसाठी जाहीर अटींचा सामान्य परवाना कोल्हापूरला सहज करता येईल. जिल्ह्याबाहेरची विक्री, बाजारातली आवक आणि राज्याबाहेरची वाहतूक यांना अर्ज आणि तपासणी लागू राहावी.

प्रमाणपत्राविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. लम्पीच्या काळात लस टोचून २८ दिवस झालेल्या जनावरालाच वाहतुकीची मुभा, असा निकष राज्यात लावला गेला आणि तो योग्य आहे, कारण लस टोचल्या दिवशी संरक्षण मिळत नाही, त्याला काही आठवडे लागतात. हे शेतकऱ्याला कोणी समजावून सांगितलेले नसते, म्हणून तो विक्रीच्या आदल्या दिवशी लस टोचून घेतो आणि मग प्रमाणपत्र नाकारल्यावर चिडतो. १ जून २०२४ पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येणार नाही, असे शासनाने ठरवले. बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक भारत पशुधन या जनावरांच्या ऑनलाइन नोंदीच्या प्रणालीत टाकला की लस कधी आणि कोणती दिली ते दिसायला हवे. नाक्यावरच्या कर्मचाऱ्याला मोबाईलवर हा क्रमांक टाकून लशीची तारीख पाहता आली तर कागदाच्या खऱ्या-खोट्याचा प्रश्न बराचसा सुटेल. मात्र त्यासाठी लसीकरणाची नोंद त्याच दिवशी प्रणालीत चढली पाहिजे. सध्या लस आधी टोचली जाते आणि नोंद सवडीने होते. दरम्यान लस टोचलेले जनावर कागदावर बिनलशीचेच राहते. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार प्रवासायोग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतोच. दोन दाखले, दोन खेपा आणि एकच डॉक्टर असे होऊ न देता तपासणी एकदाच करून दोन्ही बाबी एकाच दाखल्यावर द्याव्यात. ज्या गावचा दवाखाना रिकाम्या पदामुळे बंद आहे, तेथे आठवड्यातला एक वार ठरवून १९६२ या दूरध्वनी क्रमांकाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाकडे दाखल्यांचे काम सोपवता येईल काय, याचाही विचार व्हावा.

यापुढील मुद्दा ऊसतोडीच्या बैलांचा आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या जिल्ह्यात एकाच वेळी जनावरांची एवढी मोठी ये-जा दुसऱ्या कोणत्याच कारणाने होत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून टोळ्या निघतात. बैल ट्रकमध्ये दाटीवाटीने भरलेले असतात, उतरले की फडाशेजारी खोपी उभ्या राहतात आणि दुसऱ्या दिवसापासून गाड्या सुरू होतात. कारखान्याच्या तळावर वजनाचा नंबर लागेपर्यंत शेकडो बैल एकमेकांना खेटून रात्र काढतात, एकाच हौदावर पाणी पितात. लम्पीचा जोरही नेमका पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या या महिन्यांतच असतो. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेऊन आलेल्या मजुराचा बैल आजारी पडला तर त्याची दुहेरी अडचण होते: बैल जुंपला तर तो मरतो आणि नाही जुंपला तर उचल फिटत नाही. तो कोणाला कळवणार? आणि हंगाम संपताना, मार्चच्या सुमारास, तो जेथे उतरला ते गाव बाधित असेल तर त्याने बैल घेऊन घरी जायचे की नाही, याचे उत्तर आजच्या कोणत्याही आदेशात मला सापडत नाही. प्रत्यक्षात तो जातोच, कारण येथे त्याला वैरण नाही, छप्पर नाही आणि रेशनही नाही.

या बैलांसाठी वेगळा नियम हवा. बैलाने मूळ गाव सोडण्यापूर्वी किमान २८ दिवस आधी लस झालेली असावी, बिल्ला क्रमांकासह यादी मुकादमाने कारखान्याकडे द्यावी आणि करारात ती जोडली जावी. गाळप परवाना घेणाऱ्या कारखान्याने तळावर तपासणी, गोचीडनाशक फवारणी आणि आजारी बैलासाठी वेगळी दावण यांची जबाबदारी घ्यावी. जनावरे आणणाऱ्या वाहनांना दोन ते तीन टक्के सोडियम हायपोक्लोराईटने धुण्याची सोय तळावरच असावी, कारण लम्पीचा विषाणू वाळलेल्या खपल्यांत महिनाभर तग धरू शकतो आणि तोच ट्रक परतीला दुसरी जनावरे भरून जातो. परतीच्या वेळी बाधित गावातील टोळ्यांना ठरावीक दिवशी, पशुवैद्यकाने तपासून, थेट मूळ जिल्ह्यापर्यंतचा मार्गपरवाना द्यावा आणि तेथील पशुसंवर्धन उपायुक्तांना यादी आधी पाठवावी. आजारी बैल मागे ठेवावा लागला तर त्याच्या वैरणीची सोय कारखान्याने करावी. उसाचा काटा दिवसरात्र चालवणाऱ्या यंत्रणेला एवढी यादी ठेवणे जड नाही.

धनगर बांधवांच्या मेंढ्यांविषयी एवढेच सांगतो की त्यांची वाट ठरलेली असते आणि शेतकरी त्यांना खतासाठी रानात बसवायला आपणहून बोलावतात. त्यांचे वाटेवरचे मुक्काम आधीच नोंदवून पीपीआरची लस त्या मुक्कामावर दिली तर त्यांना अडवण्याची वेळ फारशी येणार नाही.

पुराचा प्रश्न मात्र दोन ओळींत संपणारा नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. अशा वेळी करवीर तालुक्यातील चिखली आणि आंबेवाडीची माणसे जनावरांसह बाहेर काढावी लागतात. शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठच्या गावांनाही जनावरे घेऊन छावणीचा आसरा घ्यावा लागतो. यांपैकी एखादे गाव त्या वेळी बाधित क्षेत्रात असले तर काय करायचे? जनावर हलवले तर अधिनियमाचा भंग होतो, न हलवले तर ते दावणीला बुडते. कोणताही मालक दावे कापून बाहेर पडणार आणि कोणताही अधिकारी त्याला अडवणार नाही, हे उघड आहे. पण त्यामुळे बाधित गावाची जनावरे निरोगी गावांच्या छावणीत, एकाच मांडवाखाली आणि एकाच हौदावर येतात. छावणीत एकदा लाळ्या खुरकूत शिरला तर पाणी ओसरल्यावर तो पंचवीस गावांत घरोघर परत जातो.

यावर उपाय करण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि त्या अधिनियमाचे कलम ७२ त्याला इतर कायद्यांच्या वर ठेवते. जिल्ह्याच्या पूर आराखड्यात दरवर्षी छावण्यांची ठिकाणे ठरतात. त्यांत बाधित गावांसाठी वेगळी छावणी, तिचा रस्ता, पाण्याचा वेगळा टँकर आणि तेथे नेमलेला पशुधन विकास अधिकारी हे आधीच नमूद करावे. छावणीत येणाऱ्या वैरणीचाही विचार करावा. आजारी जनावराच्या संपर्कात आलेली वैरण क्षेत्राबाहेर नेण्यास कायद्याने मनाई आहे, पण मदत म्हणून आलेला चारा उरला की तो पुढच्या गावाला पाठवण्याची आपली रीत आहे. पाणी ओसरल्यावर जनावरे परत सोडताना तपासणी कोण करणार, हे ठरलेले नसले तर छावणी उठते त्या दिवशी सगळेच एकदम निघतात.

बाजार बंद ठेवण्याबाबत माझे मत बहुतेक शेतकऱ्यांना आवडणार नाही. साथीत जनावरांचा बाजार बंदच असावा. रुमालाखाली हात घालून होणारा सौदा दहा गोठ्यांची जनावरे एका खुंट्याला आणतो आणि सायंकाळी ती वीस गावांना पांगतात. रोग पसरवण्याची याहून चांगली व्यवस्था नाही. पण बाजार बंद असताना गोठ्यावरची विक्री चालू ठेवण्याचा मार्ग हवा, नाहीतर हेडी पडेल भावाने जनावर उचलतो आणि रात्री हलवतो. दूध संस्थेमार्फत विक्रीची नोंद, बिल्ला क्रमांक, लशीची तारीख आणि घेणाऱ्याचे गाव एवढे चार तपशील लिहून पावती देता येईल. आमच्यासारख्या संस्था हे काम फुकट करतील. आणखी एक, बाजार बंद असताना बैलगाड्यांच्या शर्यती मात्र गुपचूप होतात आणि त्यांना दूरदूरचे बैल येतात. गरीब शेतकऱ्याची कालवड अडवायची आणि शर्यतीकडे काणाडोळा करायचा, असे झाले की नियमाचा मान उरत नाही. या अधिनियमातील पहिल्या गुन्ह्याचा दंड हजार रुपयांपर्यंतच आहे. लाखाच्या घरातल्या जनावराचा व्यवहार करणाऱ्याला तो भाड्याच्या खर्चासारखा वाटतो, म्हणून केवळ दंडाच्या भीतीवर ही व्यवस्था उभी राहणार नाही.

आमची विनंती अशी की येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या कार्यालयाने या सर्व बाबींचा एक नमुना आदेश तयार करावा, ज्यात गावांची यादी आणि तारखा तेवढ्या रिकाम्या असतील आणि साथ येईल त्या दिवशी त्या भरून तो लागू करता येईल. त्याचा मसुदा तालुक्यातील दूध संस्थांकडे हरकती व सूचनांसाठी पाठवावा. संकलनाच्या वेळी तो वाचून दाखवण्याची, सभासदांच्या सूचना लिहून घेण्याची आणि त्या पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागाकडे पंधरा दिवसांत पोचवण्याची जबाबदारी आम्ही घेतो. दूध अचानक तुटलेल्या गोठ्यांची माहिती दवाखान्याला रोज कळवण्याचीही आमची तयारी आहे. मात्र आम्ही कळवलेल्या गोठ्याच्या मालकाला बंदीची मुदत आणि बाहेर नेण्याच्या अटी त्याच दिवशी लेखी मिळाल्या पाहिजेत. तेवढे झाल्याशिवाय मी सभासदाचे नाव पुढे करणार नाही.

आपला विश्वासू,
सचिव, प्राथमिक सहकारी दूध संस्था
तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर